सुरतेचे विद्यार्थी, दमणची वाट आणि वैयक्तिक अभिप्रायाचा उपाय

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मद्यपानावर साधारणपणे दोन उपाय सुचविले जातात : बंदी आणि उपदेश. गेल्या चार दशकांत यांना तिसऱ्या उपायाची जोड मिळाली आहे. विद्यार्थ्याला त्याच्याच पिण्याचे मोजमाप करून दाखवायचे, ते समवयस्कांशी ताडून पाहू द्यायचे आणि निर्णय त्याच्यावर सोपवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. यास ‘वैयक्तिक अभिप्राय’ म्हणतात. दारूबंदी असलेल्या गुजरातमधील सुरत आणि मद्य मुक्तपणे मिळणारा गोवा या दोन टोकांवरून पाहिल्यास या उपायाचे बळ आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट होतात.

बंदीचे शहर, शेजारी दमण

गुजरात राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले, तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे. तिचा आधार १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा असून गुजरातमध्ये तो आता गुजरात दारूबंदी कायदा या नावाने ओळखला जातो. परवान्याविना मद्य बाळगणे, वाहून नेणे आणि पिणे हे तेथे गुन्हे आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने मद्यनिर्मिती व विक्रीची शिक्षा दहा वर्षांच्या कारावासापर्यंत आणि पाच लाख रुपयांच्या दंडापर्यंत नेली.

सुरतेच्या दक्षिणेस, रस्त्याने दोन-अडीच तासांवर, दमण आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याबरोबरच मुक्त झालेला हा प्रदेश ३० मे १९८७ पर्यंत गोव्याच्याच संघप्रदेशाचा भाग होता. तेथे मद्यविक्री कायदेशीर आहे. दुसरीकडे तापी खोऱ्यातील रेल्वेमार्ग सुरतेला नंदुरबार, धुळे, जळगावशी जोडतो. या मार्गाने आलेली खानदेशी मराठी कुटुंबे उधना, लिंबायत भागांत मोठ्या संख्येने स्थायिक झाली असून त्यांची मुले सुरतेच्याच महाविद्यालयांत शिकतात. घरात गुजराती-मराठी दोन्ही भाषा, सुट्टीत गावाकडे महाराष्ट्र आणि मित्रांसोबत दमण, अशा तीन निरनिराळ्या नियमांच्या प्रदेशांत या मुलांचा वावर असतो.

बंदीमुळे पिणाऱ्यांची संख्या कमी राहते. परंतु जो पितो, त्याच्या पिण्याची रीत बदलण्याचा धोका असतो. रोज थोडे मिळत नसेल, तर मिळेल त्या दिवशी भरपूर घेतले जाते. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक शुद्ध अल्कोहोल घेण्यास जड मद्यपान मानते. आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलीटर बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे दीड बाटलीतच ही मर्यादा गाठली जाते. साठ किलो वजनाच्या तरुणाने अशी एक बाटली घाईत रिकामी केली, तर त्याच्या रक्तातील प्रमाण दर शंभर मिलिलीटरला ८० ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचू शकते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. परतीचा प्रवास दुचाकीवरून महामार्गाने असेल, तर धोका यकृताच्या आजाराआधी रस्त्यावरच गाठतो. चोरट्या दारूचा धोका वेगळाच. जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात मिथेनॉलमिश्रित दारूने चाळीसहून अधिक जणांचा बळी घेतला.

अभिप्राय कसा दिला जातो?

पहिली पायरी प्रश्नावलीची. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही चाचणी जगभर वापरली जाते. तिच्यात दहा प्रश्न असतात : पहिले तीन किती व किती वेळा प्यायले जाते याविषयी, पुढील तीन अवलंबित्वाच्या खुणांविषयी आणि शेवटचे चार झालेल्या अपायाविषयी. एकूण गुण ० ते ४०. आठ किंवा अधिक गुण म्हणजे धोक्याचे मद्यपान.

दुसऱ्या पायरीत उत्तरांवरून विद्यार्थ्याचे स्वतःचे पान तयार होते : महिन्यात किती ग्रॅम अल्कोहोल पोटात गेले, किती रुपये खर्च झाले, किती तासिका बुडाल्या, कोणत्या रात्री गाडी चालवली. सोबत समवयस्कांशी तुलना आणि पिणे कमी करण्याचे व्यवहार्य मार्ग दिलेले असतात. निंदा, भीती किंवा आज्ञा यांना त्यात स्थान नसते.

या तुलनेमागे एक महत्त्वाचे निरीक्षण आहे. वेस्ली पर्किन्स आणि अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील एका महाविद्यालयाच्या अभ्यासातून दाखवून दिले की, विद्यार्थी आपल्या सोबत्यांच्या पिण्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त बांधतात. पिणारा चारचौघांत दिसतो, न पिणारा नजरेत भरत नाही. ‘सगळेच घेतात’ हा समज त्यातूनच जन्मतो आणि त्याला धरून मुले आपला पेला भरतात. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लॅट व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी मूल्यमापन आणि अभिप्रायाच्या दोन छोट्या भेटींची ‘बेसिक्स’ ही पद्धत बांधली. पुढे हे काम संगणकावरही आले. ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठाच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, संकेतस्थळावरून अभिप्राय मिळालेल्या विद्यार्थ्यांचे एकूण मद्यसेवन एका महिन्यानंतर, अभिप्राय न मिळालेल्यांच्या तुलनेत, १७ टक्क्यांनी कमी आढळले.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील पुरुषांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण गुजरातमध्ये ५.८ टक्के, देशात १८.८ टक्के, तर गोव्यात ३६.९ टक्के आहे. बंदीच्या राज्यात काहींनी खरे सांगितले नसेल, हे गृहीत धरूनही सुरतेच्या वसतिगृहातील मुलाला ‘तुझ्याभोवतीचे बहुसंख्य घेत नाहीत’ असे निश्चित सांगता येते. गोव्याच्या आकड्याचीही दुसरी बाजू आहे. शंभरांपैकी त्रेसष्ट पुरुष मद्य घेत नाहीत. गोव्यात मद्यसेवनाचे वय अठरा आहे आणि दुकान हाकेच्या अंतरावर. तरीही न पिणारा येथे अल्पसंख्य नाही, ही गोष्ट गोव्याच्या महाविद्यालयांतही सांगण्याजोगी आहे.

गोव्याचा अनुभव

भारतात या दिशेने झालेले भक्कम काम गोव्यातलेच आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने राज्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर चाचणी घेतली. ‘ऑडिट’मध्ये १२ ते १९ गुण मिळालेल्या या रुग्णांना डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटी दिल्या. उपचाराची सुरुवात मूल्यमापन आणि वैयक्तिक अभिप्रायानेच होत असे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेखाली आले होते. वर्षभरानंतर हे प्रमाण अनुक्रमे ५४ आणि ३२ टक्के होते. हे रुग्ण विद्यार्थी नव्हते; पण मानसोपचारतज्ज्ञ हाताशी नसतानाही ही पद्धत कोंकणी-मराठी बोलणाऱ्या समाजात राबविता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

मर्यादा आणि अटी

निव्वळ छापील किंवा संगणकीय अभिप्रायाचा परिणाम सरासरीने लहान असतो आणि काही महिन्यांत ओसरतो. म्हणून तो पहिली पायरी ठरतो, संपूर्ण उपचार नव्हे. ज्याचे हात सकाळी दारूविना थरथरतात, त्याला कागद देऊन भागत नाही. अशा व्यक्तीने दारू एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. तिला वैद्यकीय देखरेख हवी.

दुसरी अट गोपनीयतेची. सुरतेत ‘महिन्यात किती वेळा घेतोस?’ या प्रश्नाचे खरे उत्तर म्हणजे गुन्ह्याची कबुली ठरू शकते. नाव, हजेरी क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक मागणाऱ्या प्रश्नावलीत मुले शून्यच लिहिणार आणि शून्यावर कोणताही अभिप्राय बेतता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो. तोच दंडक महाविद्यालयांनी प्रश्नावलीला लावावयास हवा : उत्तरे निनावी, शिस्तपालन समितीपासून दूर आणि अभिप्राय थेट विद्यार्थ्याच्या हाती.

मदत हवी असलेल्यांसाठी केंद्र शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ १४४१६ हे निःशुल्क क्रमांक आहेत. दोन्ही ठिकाणी देशातील कोणत्याही राज्यातून संपर्क साधता येतो. सुरतेतून आणि गोव्यातूनही.