परविद्यापीठाची पूर्वतयारी : धाराशिव जिल्ह्याचा एक अनुभव

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पदवीच्या अभ्यासक्रमाअलीकडे एका वर्षाचा जो वर्ग भरविला जातो, त्यास सामान्यतः फाउंडेशन वर्ष असे म्हणतात. त्या देशाची भाषा, तेथील अध्यापनाची पद्धती आणि एकदोन मुख्य विषय यांची उजळणी हे त्याचे स्वरूप असते. पदवीचा अभ्यास तीन वर्षांत पुरा करणाऱ्या ब्रिटिश विद्यापीठांपैकी अनेकांना बारा वर्षांची शाळा अपुरी वाटते, म्हणून हे वर्ष मध्ये येते. जर्मनीत हेच कार्य 'स्टुडिएनकोलेग' ही संस्था करते. मॉस्को येथे १९६० मध्ये आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका येथील विद्यार्थ्यांसाठी लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा तेथेही आरंभीचे वर्ष रशियन भाषेच्या तयारीसाठी ठेविले होते. या सर्व योजनांमागील गृहीत असे की, येणाऱ्या विद्यार्थ्याच्या ठिकाणी काही उणीव असते व ती एका वर्षात भरून काढावयाची असते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे गृहीत अर्धेच खरे आहे. उणीव पुष्कळदा विद्यार्थ्यात नसते. ज्या सीमेवरून तो पलीकडे जातो, त्या सीमेची ती निर्मिती असते.

याचे सर्वपरिचित उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होऊन १८९६ मध्ये केंब्रिजला गेले व तेथे पुन्हा पदवीपूर्व वर्गात बसले. १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले हे सर्वश्रुतच आहे. परंतु मुंबईच्या पदवीचा सारा अभ्यास केंब्रिजच्या दृष्टीने पूर्वतयारीच ठरला, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. उलटपक्षी, त्याच मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी १९१२ मध्ये मिळविणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थेट पदव्युत्तर वर्गात दाखल झाले व १९१५ मध्ये तेथे एम. ए. झाले. पदवी एकाच विद्यापीठाची. अटलांटिकच्या एका काठावर ती अपुरी, दुसऱ्या काठावर पुरेशी.

तथापि हा प्रश्न समजून घेण्यासाठी समुद्र ओलांडण्याचेही कारण नाही. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्याला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोणतेही विद्यापीठ परकेच होते. हा प्रदेश १८५३ च्या तहाने इंग्रजांकडे गेला व १८६० मध्ये निजामाकडे परत आला. पूर्वी तो नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई, पुढे उस्मानाबाद झाला. ज्या लातूर शहराचा शैक्षणिक लौकिक आज मोठा आहे, तेही १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते. लोकभाषा मराठी, राज्यकारभाराची भाषा मात्र आधी फार्सी व १८८४ च्या सुमारापासून उर्दू. प्राथमिक वर्गांत मराठीला काही स्थान होते. पण शाळेची पायरी जसजशी चढावी तसतशी ती मागे पडत जाई.

अशा स्थितीत १९१८ मध्ये हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व १९१९ मध्ये त्याचे वर्ग सुरू झाले. एका आधुनिक भारतीय भाषेतून सर्व उच्च शिक्षण देणारे हे देशातील पहिले विद्यापीठ होय, आणि त्याचे हे श्रेय मराठवाड्यातील अभ्यासकांनी कटुतेपोटी नाकारण्याचे कारण नाही. विद्यापीठाचे वर्ग सुरू होण्यापूर्वीच, १९१७ मध्ये, तेथे भाषांतर विभाग उभारण्यात आला. त्याची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. ते त्यापूर्वी औरंगाबादेस शिक्षण खात्यात निरीक्षक होते, म्हणजे मराठवाडा त्यांना अपरिचित नव्हता. भौतिकशास्त्रापासून तत्त्वज्ञानापर्यंत पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्यात आली, परिभाषा घडविण्यासाठी विद्वानांच्या समित्या बसल्या. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. अन्यत्र विद्यार्थ्याने विद्यापीठासाठी सिद्ध व्हावे अशी अपेक्षा असते. उस्मानियाने स्वतःच विद्यार्थ्यासाठी सिद्ध होण्याचा मार्ग पत्करला. पूर्वतयारीचे वर्ष विद्यापीठाने भोगले.

परंतु हा विद्यार्थी कोणता? उर्दू ही ज्याच्या घरची भाषा, तो. मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या वाट्याला याच कृतीने एक नवी भिंत आली. तुळजापूर वा परंड्याच्या मुलाने घरी व पहिल्या इयत्तांत ज्यास त्रिकोण म्हटले, त्यास पुढे मुसल्लस म्हणावयाचे. कोनाचा जाविया व्हावयाचा. आणि इंग्रजी हा आवश्यक विषय असल्यामुळे त्याच आकृतीचे तिसरे नावही पाठ करावयाचे. आकृती तीच राहते, बुद्धीही तीच राहते, श्रम मात्र तिप्पट होतात. या श्रमांसाठी कोणतेही स्वतंत्र वर्ष नेमलेले नव्हते. ते शाळेच्या सर्व वर्षांत मुरवून टाकले होते, आणि म्हणूनच ते कोणत्याही अहवालात दिसत नाहीत. जो त्यात मागे पडे तो 'मंदबुद्धी' ठरे. या श्रमांचे काही फळही मिळाले, हे सांगितले पाहिजे. शेजारच्या निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी फार्सी व उर्दूवरील प्रभुत्वाच्या बळावर मोगल दरबाराची कागदपत्रे मराठी वाचकांपुढे ठेविली. पण एका पगडींवरून शेकडो अनाम विद्यार्थ्यांचा हिशेब करता येत नाही.

ज्यांना ही वाट नको होती त्यांना दुसरी होती : मुंबई इलाख्याची. सोलापूर व बार्शी ही गावे जिल्ह्याला अगदी लागून. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लोहवाट १९११ पर्यंत लातूरला पोहोचली होती. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण तीवर नसले तरी येडशीहून गाडी धरून विद्यार्थी बार्शीस, तेथून कुर्डुवाडीस आणि मोठ्या गाडीने पुण्यास जाऊ शके. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. निजामाचे नाणे हाली, इंग्रजांचे कलदार. शंभर कलदारांसाठी सुमारे ११६ हाली मोजावे लागत. घरी पिकलेल्या ज्वारीचे पैसे हालीत येत आणि पुण्यातील फी व खाणावळ कलदारात द्यावी लागे. वाटेत करोडगिरीचे नाके, दप्तरात फसली सन, आणि पलीकडे पोहोचल्यावर 'मोगलाईतला' हे बिरुद. आज परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यास चलन, सीमाशुल्क आणि परकेपणाची वागणूक यांचा जो अनुभव येतो, त्यातील एकही घटक येथे उणा नव्हता. फरक इतकाच की येथे पलीकडची भाषा आपली होती, आणि अलीकडची परकी.

या दोन वाटांच्या दरम्यान जिल्ह्याच्याच भूमीवर एक तिसरा प्रयत्न झाला. हिप्परगा या खेड्यात १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर हे तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. ते टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचे पदवीधर, म्हणजे स्वतःच सरकारी मान्यतेबाहेरच्या शिक्षणातून घडलेले. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांनी केले. हिप्परग्याच्या शाळेचे वर्णन सहसा देशभक्तीच्या अंगाने केले जाते, आणि ते यथार्थही आहे. परंतु शिक्षणाच्या इतिहासात तिचे महत्त्व निराळे आहे. मराठी मुलाने मराठीतून शिकून उच्च शिक्षणास पात्र व्हावे, पात्रतेसाठी त्यास आधी दुसरे कोणी व्हावे लागू नये, ही मागणी तिने आपल्या अस्तित्वाने मांडली. ती मागणी मान्य करणारे विद्यापीठ मात्र राज्यात नव्हते.

१९३८ च्या अखेरीस या व्यवस्थेची कसोटी लागली. वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाल्यावर उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी सत्याग्रह केला. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही तो पसरला. विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढण्यात आली. तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी अनेकांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या निर्वासित विद्यार्थ्यांपैकीच एक होत. येथे लक्षणीय गोष्ट अशी की, उर्दूतून शिकलेले हे तरुण अर्ध्या अभ्यासक्रमातून एकदम इंग्रजी माध्यमात आले. नागपूरने आधी पूर्वतयारीचे वर्ष पुरे करा, असा आग्रह धरला असता तर कित्येकांचे शिक्षण तेथेच संपले असते. द्वार उघडावयाचे ठरविले की उणिवेचा अडसर किती हलका होतो, याचा हा पुरावा आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले आणि अल्पावधीतच उस्मानियाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. ज्यांनी दहा वर्षे झटून उर्दू परिभाषा आत्मसात केली होती ते एका निर्णयाने पुन्हा अपुरे ठरले. आणि या वेळी त्यांत उर्दू मातृभाषेचे विद्यार्थीही होते. भिंत हलविली गेली होती, पाडली गेली नव्हती. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस स्थापन झाले, तेव्हा कुठे धाराशिवच्या विद्यार्थ्याला आपल्या भाषिक प्रदेशातले विद्यापीठ लाभले. त्या दशकात देशभर एक नवीच पायरी रूढ होत होती. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये दहा वर्षांची शाळा पुरी केलेल्यांसाठी एका वर्षाचा विद्यापीठपूर्व अभ्यासक्रम व त्यानंतर तीन वर्षांची पदवी सुचविली होती. नाव निराळे असले तरी हे आपले स्वतःचे फाउंडेशन वर्षच होते. फक्त ते सर्वांना सारखे लागू होते व त्यामुळे कोणाला त्यात कमीपणा वाटत नसे.

१९४८ मधील भिंतीची आठवण देणारी परिस्थिती आजही संपलेली नाही. राज्य मंडळाची बारावी उत्तीर्ण झालेल्या धाराशिवच्या विद्यार्थ्यास जर्मन विद्यापीठात सहसा थेट प्रवेश मिळत नाही. त्याने स्टुडिएनकोलेगमध्ये जावे किंवा भारतात पदवीचा काही अभ्यास आधी करावा, अशी अपेक्षा असते. मात्र तोच विद्यार्थी आय. आय. टी. ची प्रगत प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाला असेल तर तांत्रिक शाखांसाठी ही अट शिथिल होते. शाळा तीच, वर्षे तितकीच. पूर्वतयारीचा खर्च मात्र विद्यार्थ्यावरच पडतो. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर व पीएच. डी. अभ्यासासाठी साह्य करते. बारावीनंतरचे पायाभूत वर्ष तिच्या कक्षेत येत नाही. शेतकरी कुटुंबास हे वर्ष युरोच्या भावाने विकत घ्यावे लागते, हाली देऊन कलदार घ्यावे तसे.