तंबाखू सोडल्यानंतरचे चार आठवडे



तंबाखूच्या इतिहासावर बोलायचे म्हटले की कोलंबस, पोर्तुगीजांची गलबते आणि शेवटी कर्करोग असा रस्ता ठरलेला आहे. त्या रस्त्याने मी आज फार वेळ जाणार नाही. तंबाखू कशी आली हे पुष्कळांनी सांगितले आहे; ती सोडू पाहणाऱ्याच्या मनाचे काय झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. सोडल्यावर जी उदासी येते, जो विनाकारण संताप येतो, त्याला रीतसर नाव द्यायला शास्त्राला विसावे शतक उजाडावे लागले. या विलंबाची किंमत साध्या माणसांनी मोजली आहे. म्हणून हा विषय.

आपल्या दख्खनशी या कथेचा जुना संबंध आहे. अकबराचा सरदार असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू आणि रत्नजडित हुक्का नेऊन बादशहापुढे ठेवला. हकिमाने हरकत घेतली, बादशहाने थोडे झुरके घेऊन सोडून दिले, पण दरबारी मंडळींना गोडी लागली. पुढे १६१७ साली जहांगीराने बंदी घातली. इराणात शहा अब्बासनेही मनाई केली होती. त्याच वेळी जहांगीराचा वकील खान आलम इराणात होता, आणि त्याला तंबाखूवाचून क्षणभरही राहवत नसे. ही अडचण शहाच्या कानावर गेली आणि शहाने कविता करून त्याला मुभा दिली. जहांगीराने हा किस्सा आपल्या आठवणींत मौजेने नोंदवला आहे. वकिलाला सवलत मिळाली. पण बंदी आलेल्या मजुराचे काय झाले असेल? त्याची नोंद कोणी केली नाही.

तंबाखूतले निकोटिन १८२८ साली हायडेलबर्गच्या पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी वेगळे काढले. द्रव्य सापडले, त्याच्यावाचून माणसाचे काय होते हे कळायला आणखी शंभर-सव्वाशे वर्षे गेली. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने १८९४ साली मित्र फ्लीस याच्या सल्ल्याने सिगार बंद करून पाहिली. मन खचल्याचे आणि मृत्यूचे विचार येत असल्याचे त्याने मित्राला पत्रांतून कळवले. काही आठवड्यांनी सिगार पुन्हा सुरू झाली. १९२३ मध्ये जबड्याचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, तरी ती सुटली नाही. माणसाच्या मनाचा असा जाणकार जर या खिन्नतेपुढे हरतो, तर पाळीवरच्या कामगाराला ‘तुझी इच्छाशक्तीच कमी’ म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत लेनॉक्स जॉन्स्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने स्वतःला आणि काही स्वयंसेवकांना निकोटिनची इंजेक्शने दिली. सुमारे ऐंशी इंजेक्शनांनंतर त्याला स्वतःला सिगारेटपेक्षा सुईच बरी वाटू लागली, आणि ती थांबताच चुकल्याचुकल्यासारखे होऊ लागले. हे १९४२ साली छापून आले. म्हणजे ओढ धुराची नव्हती, द्रव्याची होती. तरीही १९६४ च्या अमेरिकन सरकारच्या गाजलेल्या अहवालाने कर्करोगाचा दोष तंबाखूच्या पदरात घातला खरा, पण तिला ‘व्यसन’ न म्हणता ‘सवय’ म्हटले. गंमत अशी की आदल्याच वर्षी एका बड्या सिगारेट कंपनीच्या कायदेशीर सल्लागाराने, आपण व्यसन लावणारे द्रव्यच विकतो आहोत, असे आतल्या कागदावर लिहून ठेवले होते. तो कागद तीस वर्षे कपाटात राहिला. १९८८ च्या अहवालाने ‘व्यसन’ हा शब्द स्वीकारला; तरी १९९४ मध्ये सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे शपथेवर सांगून गेले की निकोटिन व्यसन लावत नाही. मालकाचे खरे हिशेब कोणत्या वहीत असतात, हे कामगार चळवळीतल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही.

खरा उपयोगी धागा हाती लागला तो खलाशांकडून. १९६७ साली स्वीडनमधल्या लुंड येथील संशोधक क्लेस लुंडग्रेन यांनी ओवे फर्नो या औषधशास्त्रज्ञाला कळवले की पाणबुडीत धूम्रपानाला मनाई असते, तेव्हा तिथले खलाशी तोंडात तंबाखू धरून भागवतात. त्यातून निकोटिनचा डिंक, म्हणजे च्युइंगम, निघाला. आमच्या गिरणगावाला यात नवल वाटणार नाही. कापसाच्या पिंजेला आग लागेल म्हणून खात्यात विडी बंद होती. तेव्हा चुन्याची डबी निघायची आणि साच्यापाशीच बार भरला जायचा. स्वीडनचा खलाशी आणि परळचा विणकर एकाच गरजेने एकाच युक्तीवर आले. फरक एवढाच, की तिथे त्यातून औषध झाले आणि इथे तोंडाचा कर्करोग.

आता या त्रासाची यंत्रणा पाहू. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. मेंदूला त्याची सवय झालेली असते. ते उतरले की बेचैनी सुरू होते, आणि पुढची चिमूट ती बेचैनी घालवते. माणूस म्हणतो, ‘तंबाखूने डोके शांत होते.’ हा सावकारी व्यवहार आहे. सावकार आपल्याच व्याजाची फेड करायला नवे कर्ज देतो आणि कूळ त्याला उपकारकर्ता समजते. कर्ज घेणे थांबवले की पहिले दिवस जड जाणारच. चिडचिड, खिन्नता, झोपमोड आणि कामात लक्ष न लागणे पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतात आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात.

हे ठाऊक नसले की काय होते? एका कारखान्यातल्या कामगाराने डॉक्टरांच्या सांगण्यावरून तंबाखू सोडली. पाचव्या दिवशी पाळीच्या बदलावरून त्याची पर्यवेक्षकाशी हातघाई झाली. आयुष्यात ज्याने कोणाला उलट उत्तर दिले नव्हते, त्याला आरोपपत्र मिळाले. आम्ही खातेचौकशीत बाजू मांडली, नोकरी वाचली. पण त्याच संध्याकाळी घरच्यांनीच त्याच्या हातात पुडी ठेवली : ‘खा बाबा, पण असा वागू नकोस.’ घरच्यांना वाटले, आपला माणूस परत मिळाला. खरे तर तो सावकाराला परत मिळाला होता.

श्रोतेहो, २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्र विचार प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांची उदासी, चिंता आणि ताण, ते चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, पुढे कमी झालेले दिसले. तेव्हा पहिल्या आठवड्यातला चिडखोर माणूस हा त्याचा खरा स्वभाव नव्हे.

म्हणून सोडण्याचा दिवस आधी ठरवावा आणि घरी, कामावर सांगून ठेवावा. तल्लफ काही मिनिटांत उतरते. तेवढ्यात उठून चार पावले चालावे, पाणी प्यावे, शब्द तोंडातच ठेवावा. निकोटिनचा डिंक किंवा पट्टी डॉक्टरांना विचारून घेण्यात कमीपणा नाही. आणि महिना उलटूनही खिन्नता हटली नाही, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र एक दिवसही न थांबता डॉक्टर गाठावा; पूर्वी असा आजार झालेल्यांनी तर आधीच सांगून ठेवावे.

बाळंतिणीला सवा महिना सांभाळून घेण्याची आपली रीत आहे. तंबाखू सोडणाऱ्यासाठी घराने आणि कारखान्याने एक महिन्याची समजूत दाखवावी, एवढीच मागणी आहे. खान आलमला जी सवलत मिळाली ती तंबाखू चालू ठेवण्यासाठी होती. आपल्या माणसाला ती सोडण्यासाठी मिळावी.