तर, बांध आणि पूल

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जुन्या वाटा पूर्व-पश्चिम धावतात. दाभोळला किंवा जयगडला लागलेला माल भरतीच्या पाण्यावर पडावांतून खाडीच्या टोकाला, चिपळूणला किंवा संगमेश्वरला जायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. किनाऱ्याला समांतर असा सलग गाडीरस्ता नव्हता, आणि त्याची फारशी निकडही कुणाला नव्हती. उत्तर-दक्षिण जायला समुद्र होता, पुढे आगबोट आली. मधल्या खाड्या ओलांडायला तरी, म्हणजे उताऱ्याच्या होड्या, होत्या. १८६८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या तरी सरकारी नियमांखाली आल्या, त्यांचे मक्ते आणि उताऱ्याचे दर ठरू लागले. रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, काळबादेवी इथे पूल उभे करण्याच्या आजच्या काळात हा इतिहास कामाचा आहे. इथे खाडी ओलांडणारा माणूस मुख्यतः पायी चालणारा होता, आणि खाडीकाठचे बांधकाम पाण्याला वाट ठेवूनच केले जाई. मोटारीच्या हिशेबाने आखणी सुरू झाल्यावर दोन्ही गोष्टी मागे पडल्या. नव्या आराखड्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

पाण्याच्या वाटेचा उत्तम पुरावा खारबांधाचा. खाडीकाठची खाजण जमीन भातासाठी राखायची तर भरतीचे खारे पाणी अडवायचे आणि पावसाळ्यात डोंगरावरून येणारे गोडे पाणी बाहेर सोडायचे, ही दोन्ही कामे एकाच बांधाला करावी लागत. त्यासाठी मातीच्या बांधाला दगडांचे अस्तर देत आणि ठरावीक ठिकाणी उघाडी, म्हणजे पाण्याचे दार, ठेवत. भरतीच्या दाबाने तिची फळी मिटे, सुकतीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडे. बांधाच्या माथ्यावरून गावची पायवाट जाई, म्हणजे हा बांध रस्ताही होताच. उघाडी नादुरुस्त झाली की शेत खारावत असे, त्यामुळे दुरुस्तीची निकड गावाला वेगळी समजावावी लागत नव्हती. अर्थात सगळे काही सुरळीत चालले होते असे नाही. बांध फुटत, खर्च कुणी करायचा यावरून खोत आणि कुळे यांच्यात तंटे होत. १९४८ चा खार जमीन कायदा आणि १९७९ चा खारभूमी विकास कायदा करावा लागला, तो गावाच्या आवाक्याबाहेर गेलेल्या या कामासाठीच.

पुलाच्या दोन्ही बाजूंचा भराव नेमका उलट विचार करतो. पूल जितका आखूड तितका खर्च कमी, म्हणून खाडीच्या पात्रात आणि कांदळात शक्य तितकी माती लोटायची आणि उरलेल्या फटीतून पाणी काढायचे. अभियंता म्हणेल, पैसा मर्यादित आहे, लांब पूल प्रत्येक खाडीवर परवडत नाही. म्हणणे खोटे नाही, पण हिशेब पहिल्या दिवसापुरता आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुराने नेला. त्यात गेलेल्या दोन एसट्या जयगड आणि राजापूरहून निघालेल्या होत्या. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणला वाशिष्ठीवरचा जुना पूल खचला आणि मुंबई-गोवा महामार्ग तुटला. आधी निसर्ग, मग तौक्ते, अशी दोन चक्रीवादळे वर्षभरात या किनाऱ्याने पाहिली होती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात अतिवृष्टी आणि मोठी भरती एकाच वेळी आली की तुंबलेले पाणी कुठे जाणार, हा प्रश्न समुद्राची पातळी वाढेल तसा अधिकच अवघड होणार आहे. भराव कमी करून मोऱ्या आणि गाळे वाढवणे म्हणजे उघाडीचेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरणे. शिवाय कांदळ उभे राहिले तर लाटांचा मारा भरावापर्यंत पोचता पोचता बराच ओसरतो.

पायी चालणाऱ्याबद्दलचा आक्षेप अधिक तिखट असतो: तरीचे गोडवे गाणाऱ्यांनी पावसाळ्यात होडी बंद पडल्यावर पलीकडच्या आजारी माणसाचे काय व्हायचे ते आठवावे. हे मान्यच करायला हवे. पूल हवेत, आणि ते उशिरा आले ही किनाऱ्याची रास्त तक्रार आहे. पण तर समोरासमोरच्या दोन गावांमध्ये चालते, पूल मात्र अभियंत्याला पक्की जागा मिळते तिथे उभा राहतो. पूल झाला की तरीचे उत्पन्न आटते, होडी बंद होते आणि समोर दिसणाऱ्या गावाला जायला पाय मोडत पुलापर्यंत यावे लागते. त्या पुलावर पदपथ नसेल तर टोपली घेऊन निघालेली मासेवाली, शाळेची मुले, सायकलवरचा मजूर हे सगळे ट्रकच्या शेजारून चालणार. भाट्ये पुलासारख्या रत्नागिरी शहराच्या वेशीवरच्या पुलावर ही गोष्ट गौण मानता येत नाही. एका टोकाला राजिवड्याची दाट वस्ती आहे, दुसऱ्या टोकाला भाट्ये आणि पुढे पावसपर्यंतची गावे. आज कोण चालतो, हे मोजून पदपथ ठरवणारे विसरतात की चालायला जागाच नसेल तर चालणारे मोजणीत कसे येतील? कठड्याने वेगळा केलेला पदपथ आणि सायकलची पट्टी पुलाच्या रुंदीत पहिल्यापासून धरली तर वाढीव खर्च एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो. नंतर जोडायची तर कामच वेगळे होते.

दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ साली सुरू झाली, तेव्हा गाडीवाल्यांचा चिपळूणमार्गे वळसा वाचला म्हणून तिचे कौतुक झाले. तिच्यावर पायी प्रवासीही चढतात, दुचाकीही, आणि भाडे ज्याच्या त्याच्या वाहनाप्रमाणे असते. दाभोळचा पूल झाल्यावर ही बोट तोट्यात जाईल हे उघड आहे. तरीही दोन्ही धक्क्यांच्या गावांसाठी ती लहान आकारात चालू ठेवावी आणि तिचा तोटा पुलाच्या देखभालीच्या खर्चात धरावा. पूर आला किंवा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला तर पलीकडे जायला दुसरा मार्ग तोच असेल.