फॉसी

अभियांत्रिकी व विज्ञानाच्या शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर रुजवण्यासाठी पवईच्या आयआयटी मुंबईतून चालणारा प्रकल्प. ‘फ्री/लिब्रे अँड ओपन सोर्स सॉफ्टवेअर फॉर एज्युकेशन’ या नावाचे हे लघुरूप. केंद्र सरकारने २००९ मध्ये सुरू केलेल्या, माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाचा त्याला आधार मिळाला. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य आणि एरोस्पेस विभागाचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन ही त्यातली प्रमुख नावे. वैज्ञानिक माहितीचे त्रिमितीय चित्रण करणारे, जगभर वापरले जाणारे ‘मायावी’ हे सॉफ्टवेअर रामचंद्रन यांचेच.

गणिती आकडेमोडीच्या मॅटलॅबसारख्या सॉफ्टवेअरचा परवाना महाविद्यालय घेते, पण पदवीनंतर विद्यार्थ्याच्या हाती तो राहत नाही. फ्रान्समध्ये विकसित झालेले सायलॅब हा मॅटलॅबला फुकट मिळणारा पर्याय होता. तरीही केवळ फुकट आहे म्हणून ते प्रयोगशाळेत आले नाही. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे आणि प्रॅक्टिकलची जर्नले जुन्या सॉफ्टवेअरवर बेतलेली होती. शिवाय अडचणी बारीक असतात. मॅटलॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढचा मजकूर टीप समजून सोडून दिला जातो. सायलॅबमध्ये टीप दोन तिरप्या रेघांनी सुरू होते आणि टक्क्याचे चिन्ह ‘पाय’सारख्या स्थिरांकाच्या नावाआधी येते. जुना प्रोग्राम जसाच्या तसा उतरवला तर तो पहिल्या काही ओळींतच अडतो. त्या ओळी बसून दुरुस्त करणारी माणसे लागतात, आणि अशी माणसे जमवणे हेच फॉसीचे खरे काम.

त्याचे सर्वांत यशस्वी रूप म्हणजे ‘टेक्स्टबुक कम्पॅनियन’. विद्यार्थी किंवा शिक्षक एखादे प्रमाणित पाठ्यपुस्तक निवडतो, त्यातल्या सोडवलेल्या उदाहरणांचे सायलॅब प्रोग्राम लिहितो आणि पाठवतो. ते पुस्तक आधी कोणी घेतले आहे का, हे पाहिले जाते, म्हणजे एकाच कामावर दोघांचे कष्ट वाया जात नाहीत. उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळते का, याची तपासणी होते. मंजूर कामाला मानधन व प्रमाणपत्र मिळते. पुस्तकातला मजकूर मात्र घेतला जात नाही. प्रोग्राम समजून घ्यायला मूळ पुस्तक शेजारी ठेवावे लागते. अशा रीतीने शेकडो पुस्तके पूर्ण झाली असून पुढे पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठीही हीच पद्धत वापरली गेली. ‘लॅब मायग्रेशन’ या उपक्रमात संपूर्ण प्रयोगशाळेचे प्रयोग मुक्त सॉफ्टवेअरवर आणले जातात. या कामाला पवईत राहावे लागत नाही. नाशिक किंवा सिन्नरच्या विद्यार्थ्याला घरच्या संगणकावर बसून ते करता येते.

प्रचाराबरोबर निर्मितीही झाली. केआयकॅड व एनजीस्पाइस या मुक्त सॉफ्टवेअरांची सांगड घालून विद्युतमंडलांच्या रचनेसाठी ‘ई-सिम’ तयार झाले. पोलादी बांधकामाच्या रचनेसाठीचे ‘ओसडॅग’ भारतीय मानक आयएस ८००:२००७ वर आधारलेले आहे. परदेशी सॉफ्टवेअरची वाट न पाहता देशाच्या मानकाला धरून साधन उभे करणे, ही प्रकल्पाची मोठी जमेची बाजू. रासायनिक प्रक्रियांसाठी डीडब्ल्यूसिम आणि द्रवगतिकीसाठी ओपनफोम यांचाही प्रसार केला जातो. वैज्ञानिक पायथन वापरणाऱ्यांची ‘सायपाय इंडिया’ ही परिषद २००९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे प्रथम भरली. पुढे ती आयआयटी मुंबईत अनेकदा झाली.

आयआयटी मुंबईतच सुरू झालेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प याला पूरक आहे. सुमारे दहा मिनिटांच्या प्रत्येक पाठाची संहिता दोन रकान्यांत लिहितात: एकात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात काय बोलायचे ते. पडदा इंग्रजीच राहतो, निवेदन भारतीय भाषांत होते. मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा लांबले तर माउस पुढे जातो आणि आवाज मागे राहतो, म्हणून अनुवादकाला अर्थाइतकेच सेकंदही सांभाळावे लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला सॉफ्टवेअरची पहिली ओळख स्वतःच्या भाषेत होते, ती या पाठांमुळे. फॉसीचे प्रोग्राम आणि हे पाठ दोन्ही विनामूल्य उपलब्ध आहेत.