रिकाम्या कर्त्याचा इतिहास : फ्रेंचमधील पर्जन्यवाचक क्रियापदे

फ्रेंचमधील हवामानवाचक क्रियापदांचा रूपविस्तार वरवर पाहता अगदी अल्प आहे. 'प्लोव्वार' (पाऊस पडणे) हे क्रियापद वर्तमानकाळात 'इल प्लो', अपूर्ण भूतकाळात 'इल प्लोव्हे', साध्या भूतकाळात 'इल प्ल्यू' आणि भविष्यकाळात 'इल प्लोव्रा' असे चालते. त्याला प्रथम व द्वितीय पुरुष नाहीत, आज्ञार्थ नाही. अनेकवचन आढळते ते ठोशांचा वर्षाव होतो अशा लाक्षणिक प्रयोगांतच. काळागणिक रूपे बदलतात, 'इल' मात्र अढळ राहतो. एरवी हा 'इल' म्हणजे पुल्लिंगी एकवचनी 'तो'. परंतु 'कोण तो?' या प्रश्नाला येथे उत्तर नाही. या रिकाम्या कर्त्याला इतिहास आहे, आणि फ्रेंच साहित्यविचार मराठीत आणू पाहणाऱ्या समीक्षेला तो टाळता येणारा नाही.

लॅटिनमध्ये क्रियापदाचा अंत्य प्रत्ययच पुरुष सांगत असल्यामुळे सर्वनामाची गरज नव्हती. अभिजात 'प्लुएरे'च्या जागी बोलभाषेत 'प्लोव्हेरे' रूढ झाले. इ.स. पहिल्या शतकातील पेट्रोनिउसच्या 'सातिरिकॉन'मध्ये मेजवानीला बसलेला एक पाहुणा सांगतो की, पूर्वी लोक जुपिटरपाशी पाणी मागत आणि लगोलग पाऊस कोसळे. देव शेजारच्या वाक्यात आहे. पावसाच्या वाक्यात शब्दरूपाने कर्ता नाही.

बाराव्या शतकातील फ्रेंचमध्ये 'इल' दिसू लागतो, पण ऐच्छिक म्हणून. त्या भाषेत क्रियापद बहुधा वाक्यात दुसऱ्या स्थानी येई. पहिले स्थान एखाद्या क्रियाविशेषणाने भरले की सर्वनाम गळे. पुढे अंत्य प्रत्यय उच्चारातून झिजले, पदक्रम ताठर झाला आणि सतराव्या शतकापर्यंत 'इल' अनिवार्य ठरला. तो आला तो पाऊस पाडणाऱ्याच्या शोधातून नव्हे, तर वाक्यातील जागा भरण्याच्या निकडीतून. हिमवर्षावाचा शब्दही उद्बोधक आहे. जुन्या फ्रेंचमध्ये बर्फाला 'नोइफ' म्हणत. आजचे 'नेझ' हे नाम 'नेझे' या क्रियापदावरून चौदाव्या शतकात साधले गेले. येथे वस्तूच्या नावाआधी घटना आहे.

आर्नो आणि लांसलो यांच्या 1660 मधील पोर-रॉयाल व्याकरणाला मात्र अकर्तृक विधान मानवणारे नव्हते. प्रत्येक विधानात उद्देश्य आणि विधेय असलेच पाहिजे, ही त्यांची तर्कशास्त्रीय भूमिका. म्हणून अशा क्रियापदांचा कर्ता क्रियापदाच्याच पोटात दडलेला आहे, असा त्यांनी तोडगा काढला. मराठी वाचकाला हा युक्तिवाद अनोळखी नाही. 'उजाडले', 'सांजावले', 'गडगडते' यांना मराठी व्याकरण भावकर्तृक म्हणते, ते क्रियेचा भाव हाच तिचा कर्ता मानून. दोन्ही परंपरांनी कर्त्याची अनुपस्थिती मान्य करण्याऐवजी त्याला आत लपवले.

एमिल बॅनव्हेनिस्तने 1946 मधील निबंधात ही दिशा उलटवली. तृतीय पुरुष हा पुरुषच नव्हे, तो 'मी-तू' या संवादाबाहेरचा प्रदेश. आणि पर्जन्यवाचक क्रियापद हे त्याचे शुद्ध उदाहरण, असे त्याने मांडले. झ्यूसला पावसाचा कर्ता करणारी ग्रीक वचने त्याला उत्तरकालीन, मागाहून केलेली उपपत्ती वाटली. येथे थांबायला हवे. 'इलियड'च्या बाराव्या सर्गात पाऊस पाडतो तो झ्यूसच, आणि संस्कृतातही 'देवो वर्षति' हा प्रयोग परिचित आहे. उपलब्ध पुराव्यात सकर्तृक रचना उशिरा आलेली दिसत नाही. अकर्तृकतेचे आद्यत्व हा इतिहासाचा निष्कर्ष नसून सिद्धान्ताची गरज आहे. आधुनिक फ्रेंच विचाराला कर्त्यावाचून घडणारी भाषा हवी होती, आणि तिचा नमुना त्याला पावसात सापडला.

कवितेने हा नमुना आधीच हेरला होता. 1874 मधील 'रोमांस सां पारोल' या संग्रहात व्हेर्लेनने 'रडणे' हे एरवी सकर्तृक असणारे क्रियापद पावसाच्या साच्यात घातले. रडणारा नाहीसा झाला आणि दुःख हवामानासारखे उरले. ब्लांशोने 1969 मधील 'लांत्रतिएँ अँफिनी'मध्ये कथनाच्या आवाजाला तटस्थ 'इल' म्हटले, तेव्हा हाच रिकामा कर्ता साहित्यसिद्धान्ताची संज्ञा झाला.

मराठीत ही संज्ञा आणताना खरी अडचण उभी राहते. 'तो' म्हटले की पुरुष उभा राहतो, 'ते' म्हटले की वस्तू. इंग्रजी मार्गाने येणाऱ्या अनुवादाला 'ही' आणि 'इट' यांतली निवड आधीच करावी लागलेली असते आणि मराठी अनुवादक तीच वारशाने घेतो. सर्वनाम गाळून भावकर्तृक रचना वापरणे हा मराठीच्या प्रकृतीला मानवणारा मार्ग आहे; 'उजाडले' म्हणताना कोणाला पुढे करावे लागत नाही. मात्र या मार्गाचीही किंमत आहे. फ्रेंच 'इल' तटस्थ असूनही पुल्लिंगी वेशातच वावरतो, आणि ब्लांशोच्या संज्ञेतील ताण त्या विसंगतीतून येतो. भावकर्तृक मराठीत रिक्तता पोचते, तो वेश पोचत नाही. पाऊस अनुवादता येतो. त्याच्यापुढे शतकानुशतके उभा असलेला निनावी 'तो' टीपेत समजावून सांगावा लागतो.