दुखणं एकीचं, व्यायाम दुसरीचा

बिद्रीत आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला की दुसरा हिशेब सुरू होतो, दुखण्यांचा. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. ऊस भांगलायचा, वैरणीचा भारा आणायचा, दोन वेळा धार काढायची. एवढं करून पुन्हा व्यायाम कसला, असं आपणच म्हणतो.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एका ताईंनी मोबाईलवर बघून पिलाटीज सुरू केलं. व्हिडिओतली मुलगी पंचविशीची, आमच्या ताई पंचावन्नच्या आणि मणक्याची गादी सरकलेली. चौथ्या दिवशी त्यांनी अंथरूण धरलं. पंधरा दिवसांची मजुरी बुडाली. तेव्हा आम्ही ठरवलं, हा व्यायाम आला कुठून ते तरी समजून घेऊ.

पिलाटीज हे माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज 1883 साली जर्मनीत जन्मले. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार. शरीर कमवायचं या जिद्दीनं ते व्यायाम शिकले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून छावणीत डांबलं. तिथं त्यांनी इतर कैद्यांना व्यायाम शिकवला. आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून झोपल्या जागी हातपाय हलवायला लावले, असंही सांगतात. 1926 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. जोडीदार क्लारासोबत तिथं शाळा काढली. दुखापत झालेले नर्तक त्यांच्याकडे येऊ लागले.

आपल्याकडे अशीच गोष्ट पुण्यात घडली. बी. के. एस. अय्यंगार 1918 साली कर्नाटकातल्या बेल्लूरला जन्मले. तेही लहानपणी सतत आजारी. 1937 मध्ये योग शिकवायला पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. 1975 मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. ज्याला वाकता येत नाही त्याला खुर्ची, ज्याला तोल सांभाळत नाही त्याला भिंत आणि दोर. आसन तेच, पण माणूस बघून आधार दिलेला.

तिसरा धागा मुंबईचा. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं पोलिओची साथ आली. लुळी पडलेली पोरं पुन्हा उभी कशी करायची? औषधानं ते जमणारं नव्हतं. त्यासाठी शिकलेले हात हवे होते. 1953 मध्ये केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. पुढं देशानं पोलिओ हटवला, 2014 मध्ये तसं प्रमाणपत्रही मिळालं. पण ती विद्या राहिली, आणि आज आपल्या गुडघ्या-कमरेच्या कामी येते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. 2000 साली अमेरिकेतल्या न्यायालयानं ठरवलं, की पिलाटीज या नावावर कुणा एकाची मालकी नाही. म्हणजे हे नाव कुणीही वापरावं. म्हणूनच शिकवणारा कोण आहे, हे आपल्यालाच विचारावं लागतं.

आमच्या ताईंना शेवटी फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिनं आधी नुसतं विचारलं: बाळंतपणं किती, ओझं कोणत्या बाजूला घेता, धार काढायला कशा बसता, पाय बधिर होतो का, बीपी-शुगर आहे का? मग उताणं झोपवून, गुडघे दुमडून, श्वास सोडत ओटीपोट हलकेच आत घ्यायला शिकवलं. पहिले दोन आठवडे एवढंच. ताई म्हणाल्या, "हा काय व्यायाम?" पण पाठीला आधार देणारे खोलवरचे स्नायू तिथूनच जागे होतात. व्यायाम हळूहळू वाढत गेले. तीन महिन्यांनी ताई पुन्हा धारेला बसल्या, फक्त आता उंच पाटावर.

बाकीच्यांसाठी तिनं सांगितलेलं आम्ही वहीत लिहून ठेवलंय. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून पुढं वाकायचे व्यायाम नकोत. बीपी असेल तर श्वास कोंडू नका. अंग बाहेर येत असेल तर पोटावर जोर देणारं काही करू नका. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मैत्रिणींनो, एकीचं पोलकं दुसरीला बसत नाही, आपण माप देऊन शिवतो. व्यायामाचंही माप द्यावं लागतं. पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी दुखण्याचीही वही उघडा, आणि दोघी-तिघी मिळून फिजिओथेरपिस्टकडे जा. एकटीनं जायचं म्हटलं की उद्यावर जातं.