विज्ञानकथा वर्गात आली त्याची कुळकथा

विज्ञानकथेच्या विद्यापीठीय अभ्यासाची सुरुवात सहसा १९७०च्या आसपास मानतात. मला तिचे मूळ १९३४ सालच्या एका प्रबंधात दिसते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जे. ओ. बेली यांनी विज्ञानाधारित आणि आदर्श राज्यांची चित्रे रंगवणाऱ्या कादंबऱ्यांवर पीएच.डी. केली. व्हर्न आणि वेल्स सर्वांना ठाऊक होते. बेलींनी त्यांच्या आगेमागे लिहिली गेलेली, ग्रंथालयांत धूळ खात पडलेली पुस्तके वाचून त्यांतली पुन्हापुन्हा येणारी सूत्रे शोधली. या कथांनाही परंपरा आहे, एक लेखक दुसऱ्याचे काही उचलतो, पुढे नेतो, हे त्यांनी मांडले. प्रबंधाचे पुस्तक व्हायला १९४७ उजाडले. तोवर वेल्सने १९१४च्या कादंबरीत कल्पिलेला अणुबॉम्ब खरोखर पडून गेला होता! 'पिलग्रिम्स थ्रू स्पेस अँड टाइम' हे बेलींच्या पुस्तकाचे नाव.

वर्ग मात्र आधी भरवला तो प्राध्यापकाने नव्हे, एका झपाटलेल्या वाचकाने. सॅम मॉस्कोविट्झ यांनी १९५३मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात विज्ञानकथेचे वर्ग घेतले. पदवीसाठी धरला गेलेला पहिला अभ्यासक्रम १९६२चा, कोलगेट विद्यापीठात मार्क हिलेगास यांनी शिकवलेला. दरम्यान १९५८मध्ये भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांच्या संघटनेने, मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने, आपल्या अधिवेशनात या विषयावर चर्चासत्र ठेवले आणि त्यातून पुढच्या डिसेंबरात 'एक्स्ट्रापोलेशन' हे नियतकालिक निघाले. ओहायोतल्या वूस्टर कॉलेजचे टॉमस क्लेअरसन यांनी ते तीस वर्षे चालवले. त्याच १९५९ साली कादंबरीकार किंग्जली एमिस प्रिन्स्टनमध्ये विज्ञानकथेवर व्याख्याने देत होते. त्यांना भावला तो या कथांमधला समाजावरचा उपरोध, आणि म्हणून विज्ञानकथाकार फ्रेडरिक पोल. यंत्रांच्या नवलाईपलीकडे पाहणारी ही नजर तेव्हा फार मोलाची होती.

जॅक विल्यमसन आणि जेम्स गन यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो, कारण दोघेही आधी कथालेखक. विल्यमसन लहानपणी घरच्यांबरोबर छपराच्या घोडागाडीतून न्यू मेक्सिकोत आले. त्यांची पहिली कथा १९२८मध्ये 'अमेझिंग स्टोरीज'मध्ये छापून आली. १९६४मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी वेल्सवर डॉक्टरेट मिळवली आणि ईस्टर्न न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत राहिले. ठिकठिकाणचे प्राध्यापक काय शिकवतात याची माहितीही त्यांनी जमवली. कॅन्सस विद्यापीठातल्या गन यांच्या एम.ए.च्या प्रबंधातले भाग चक्क विज्ञानकथांच्या स्वस्त मासिकात छापले गेले होते. पुढे वर्गात शिकवताना अडचण यायची ती पुस्तकांची. जुन्या कथा बाजारात मिळत नसत. गन यांनी मग 'द रोड टू सायन्स फिक्शन' ही संकलनमाला १९७७पासून काढली. पाठ्यपुस्तक नसेल तर विषय वर्गात टिकत नाही, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

सिद्धान्त सर्वांत शेवटी आला. झाग्रेबमध्ये जन्मलेले, माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकवणारे दार्को सुविन यांनी १९७२मध्ये म्हटले की विज्ञानकथा वाचकाला त्याच्या ओळखीच्या जगापासून दूर नेते, पण तर्काचा हात न सोडता. जग परके करून दाखवण्याची कल्पना त्यांनी रशियन समीक्षक श्क्लोव्स्की आणि नाटककार ब्रेख्त यांच्याकडून घेतली. पुढच्याच वर्षी आर. डी. मलन यांच्यासह त्यांनी 'सायन्स फिक्शन स्टडीज' हे नियतकालिक सुरू केले. सुविन यांच्या मांडणीने परीकथा आणि विज्ञानकथा यांत जी पक्की भिंत घातली ती मला पटत नाही. उत्तम विज्ञानकथाकार ती सहज ओलांडतात. तरी भांडायलासुद्धा काहीतरी नेमके समोर असावे लागते, आणि ते सुविन यांनी दिले.

या सगळ्याला आधार होता तो जपून ठेवणाऱ्यांचा. स्वस्त मासिकांचा कागद पिवळा पडून तुटत जातो आणि विद्यापीठांची ग्रंथालये ती सहसा घेतही नसत. ओकलंडचे डॉक्टर लॉइड ईटन यांनी हौसेने जमवलेली सुमारे ७,५०० पुस्तके १९६९मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेने घेतली, आणि त्यांच्याभोवती मोठा संग्रह उभा राहिला. वर्षभरातच संशोधकांची स्वतंत्र संघटना, सायन्स फिक्शन रिसर्च असोसिएशन, स्थापन झाली. तिने आपल्या पुरस्काराला बेलींच्या पुस्तकावरून 'पिलग्रिम' हे नाव दिले, आणि १९७०चा पहिला पुरस्कार बेलींनाच दिला.